डॉक्टरच्या यादीतलं नाव

परवा विम्याचा फॉर्म भरताना एक प्रश्न आला: 'तुमचे नेहमीचे डॉक्टर कोण?' आणि मी अडकलो. लहानपणी आमच्या गल्लीत एक डॉक्टर होते, त्यांना घरातल्या सगळ्यांची दुखणी पाठ. आता ॲपवर जो मोकळा दिसेल तो डॉक्टर.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलं, पण अर्धंच. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा आणला. कामगार, मालक आणि सरकार असे तिघांनी मिळून पैसे भरायचे. १९१३पासून कामगाराने डॉक्टर निवडून त्याच्या यादीत नाव घालायचं. डॉक्टरला पैसे साधारणपणे तपासणीमागे नाही, तर यादीतल्या माणसामागे मिळत. पण कामगाराची बायको आणि मुलं त्या यादीत नव्हती! त्यांची सोय झाली ५ जुलै १९४८ला, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा. मग वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन बायका दवाखान्यात आल्या.

प्रत्येकाच्या नोंदींचं एक छोटं पाकीट असायचं. त्याला आजही लॉइड जॉर्ज यांचंच नाव आहे. डॉक्टर बदलला की पाकीट नव्या डॉक्टरकडे जायचं. म्हणजे कागदावरचा डेटाबेसच!

या यादीचा खरा उपयोग दाखवला ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी. वेल्समधल्या ग्लिनकोरुग या कोळसाखाणीच्या गावात ते डॉक्टर होते. जे दवाखान्यात येतात त्यांनाच तपासून ते थांबले नाहीत. यादी काढून, 'कोण आलेलं नाही?' हे बघितलं आणि जवळपास सगळ्या प्रौढांचं ब्लडप्रेशर मोजलं. ब्लडप्रेशर वाढलं तरी बहुतेकदा काही दुखत नाही, त्यामुळे माणूस आपणहून येतच नाही. पुढे शेजारच्या तशाच गावाशी तुलना केली, तेव्हा ग्लिनकोरुगमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. जिथे गरज जास्त तिथेच चांगले उपचार कमी मिळतात, हे त्यांनी १९७१मध्येच 'लान्सेट'मध्ये मांडलं होतं.

माझ्या फोनमध्ये तीन ॲप्सवर माझे रिपोर्ट आहेत. पण मी दोन वर्षं ब्लडप्रेशर तपासलेलं नाही, हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. आपल्याला बरं नसताना बघणारे खूप आहेत. आपण आलो नाही हे ज्याला कळतं, तो नेहमीचा डॉक्टर.

फॉर्मवरचा तो रकाना अजून रिकामा आहे. तुमचा भरलेला आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!