देवास गेट ते नागपूर

देवास गेटजवळचे माधव महाविद्यालय हे नाव आपल्या कुटुंबांत दोन-तीन पिढ्या आदराने घेतले गेले. २६ ऑगस्ट २००६ रोजी विद्यार्थिसंघाच्या निवडणुकीवरून तेथे हाणामारी झाली आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा तीत अंत झाला. घटना भरदिवसा, अनेकांच्या देखत घडली; तरीही खटल्यात साक्षीदार एकेक करून उलटले. तेव्हा मुलाने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली, आणि मार्च २००८ मध्ये खटला नागपूरला वर्ग झाला. जुलै २००९ मध्ये सहाही आरोपी निर्दोष सुटले.

त्या निकालाची चिकित्सा येथे करावयाची नाही. आम्हांस प्रश्न पडतो तो निराळा : ज्याचे माणूस गेले, त्याचे त्या खटल्यात स्थान कोणते?

मराठेशाहीतील महजरात हाजिरमजलसीची नावे नोंदली जात. तो न्याय सर्वस्वी निर्दोष होता असे नव्हे, पण निवाडा वादीच्या समक्ष होई. इंग्रजी अमदानीत गुन्हा हा सरकारविरुद्धचा अपराध ठरला आणि फिर्यादी केवळ साक्षीदार उरला. १९७३ च्या संहितेने तपासाअंती काय केले हे कळविण्याचे बंधन ठाणेदारावर घातले खरे. परंतु ते खबर देणाऱ्याला. खबर देणारा एक आणि सोसणारा दुसरा असेल, तर सोसणाऱ्याने कचेरीचे उंबरे झिजवावेत! १९८५ मध्ये भगवंतसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रकरण बंद करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने खबर देणाऱ्यास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे. मृताच्या नातलगांस मात्र अशी नोटीस मिळण्याचा हक्क त्या निकालानेही दिला नाही.

पीडिताची व्याख्या कायद्यात आली ती ३१ डिसेंबर २००९ पासून. तीत मृताचे वारसही आले, आणि निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्कही त्यांना मिळाला. नागपूरच्या निकालाला तेव्हा साडेपाच महिने होऊन गेले होते, आणि हा हक्क आधीच्या निकालांना लागू होत नव्हता.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३ सांगते, की तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत खबर देणाऱ्यास किंवा पीडितास कळवावी. मोबाइलवरून कळविली तरी चालेल. त्यातला ‘किंवा’ हा शब्द आम्हांस खटकतो. शिवाय हे कलम तपासापुरतेच आहे. साक्षीदार उलटतात ते पुढे, न्यायालयात. आणि तेथली तारीख घरच्यांना आजही बहुधा स्वतःच विचारीत फिरावे लागते.