भूदानातलं ‘दान’

8 मार्च 1951 रोजी विनोबा पवनारच्या परंधाम आश्रमातून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. भूदानाचा विचारही तेव्हा नव्हता. संमेलन आटोपून ते तेलंगणात शिरले. 18 एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारलं, तुमच्यापैकी कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि 100 एकर देतो म्हणाले.

‘भूदान’ हा शब्द तिथून देशभर गेला, पण लोकांना त्यात जुनाच अर्थ ऐकू आला. आपल्याकडे दान म्हटलं की दानशूर कर्ण आठवतो, दारातला वासुदेव आठवतो, ग्रहण सुटताना गल्लीतून येणारी आरोळी आठवते. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली.

विनोबांनी शंकराचार्यांच्या गीताभाष्यातला अर्थ पुढे ठेवला: दान म्हणजे संविभाग, सारखी वाटणी. शेतकऱ्यापुढे बोलताना मात्र भाष्य बाजूला ठेवून ते घरातला हिशेब मांडत. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. देशात लागवडीची जमीन सुमारे 30 कोटी एकर, तिचा सहावा भाग 5 कोटी. त्यांच्या मागणीचा आकडा असा निघाला. हिस्सेवाटणीला बसलेल्या भावाला कोणी याचक म्हणत नाही, आणि विनोबा त्याच नात्यानं दारात उभे होते.

जुन्या अर्थानं या चळवळीचं फार नुकसान केलं, असं मला वाटतं. 40 लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली खरी, पण त्यातली पुष्कळ खडकाळ होती, पुष्कळ कोर्टकचेरीत अडकलेली. दान करणारा नकोसं तेही देऊन मोकळा होतो. वाटणीत तसं चालत नाही. धुऱ्यावर उभा राहून भाऊ लगेच बोट ठेवतो.

ग्रामदानात विनोबा आणखी पुढे गेले. तिथे जमिनीची मालकी ग्रामसभेची, म्हणजे गाव स्वतःलाच देतं. आज खेडोपाडी श्रमदान हा शब्द याच अर्थानं चालतो. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या कोलाम गावानं 2017 साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तो श्रमदानावरच. तिथे माती खणणारे आणि अडलेलं पाणी वापरणारे एकच होते.