शाळेची जमीन कोणाची?

"आम्ही जमीन विकत नाही, विकसित करतोय," सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि सभेत शांतता पसरली. वसई तालुक्यातल्या एका छोट्या शिक्षणसंस्थेची ती सभा होती. संस्थेचे नाव देत नाही, कारण तिच्या जागी कोणतेही नाव घातले तरी चालेल. जुनी कौलारू शाळा, मागे मैदान, कडेला चिंच. स्टेशन वाढत वाढत शाळेच्या कुंपणापर्यंत आलेले. विकासक तळमजल्यावर गाळे काढणार, वर सदनिका बांधणार आणि त्या बदल्यात संस्थेला 'अद्ययावत' इमारत देणार, असा प्रस्ताव. मैदानाचे काय, असे मागे बसलेल्या एका पालकाने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "आपण सभासद आहात का?"

तो सभासद नव्हता. मीही नव्हतो. पण हा प्रश्न मनातून जाईना, कारण प्रश्न खोटा नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो नेमका होता. शाळेच्या जमिनीबद्दल बोलण्याचा हक्क कोणाला? ज्यांच्या नावावर कागद आहे त्यांना, ज्यांची मुले शिकतात त्यांना, की शेजारी राहणाऱ्यांना?

आपल्या वसईत या प्रश्नाला इतिहास आहे. १९८८-८९ च्या सुमारास शासनाने इथला हरित पट्टा बांधकामांसाठी खुला करण्याचे ठरवले, तेव्हा केळीच्या वाड्या, पानवेली आणि विहिरींचे गोडे पाणी यांवर जगणारी माणसे रस्त्यावर आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हेच दिब्रिटो. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्या काळात वसईत बिल्डरविरुद्ध बोलणे म्हणजे जिवावर उदार होणे होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. हे आंदोलन फक्त ख्रिस्ती वाडीवाल्यांचे होते असे आपल्यातले काही जण समजतात. विहीर खारट होते तेव्हा ती धर्म विचारत नाही.

त्या चळवळीने सगळे वाचवले असे नाही. १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि शहर वाढतच राहिले. २००१ च्या जनगणनेत एकट्या नालासोपारा नगरपरिषदेची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर होती. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. गावांनी महापालिकेला विरोध केला, त्याच मुद्द्यावर २००९ ची विधानसभेची निवडणूक लढली गेली, आणि गावे वगळण्याचा वाद पुढे वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात राहिला. पण एक गोष्ट चळवळीने पक्की केली. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्यालाही गावच्या जमिनीबद्दल बोलता येते, ही सवय इथल्या माणसाला लागली.

शिक्षणसंस्थांच्या बाबतीत मात्र ही सवय चालत नाही. तिथे आपण आदबीने गप्प बसतो. संस्था बुजुर्गांनी काढलेली, विश्वस्त मोहल्ल्यातलेच, कोणी चाचा तर कोणी मामू. हिशेब विचारणे म्हणजे बेअदबी.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव आहे, त्याचे कलम ३६ सांगते की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, बदलता किंवा बक्षीस देता येणार नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येणार नाही. आयुक्तांनी न्यासाचे हित, लाभ आणि संरक्षण पाहायचे. फसवणूक करून, खोटे सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून परवानगी मिळवली असेल तर ती रद्द करता येते. सेक्रेटरीसाहेबांचा 'विकसित' हा शब्द त्यामुळेच महत्त्वाचा. करारावर विक्री हा शब्द नसला, तरी मैदान एकदा दुसऱ्याच्या इमारतीखाली गेले की ते परत येत नाही.

याच कायद्यात 'हितसंबंधित व्यक्ती' कोण याची व्याख्या आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. देवस्थान असेल तर तिथे दर्शनाला जाणारा हितसंबंधित. वक्फ असेल तर त्याचा लाभ घेणारा आणि तिथे इबादतीचा हक्क असणारा. नोंदणीकृत सोसायटी असेल तर तिचा सभासद. इतर न्यास असेल तर विश्वस्त किंवा लाभार्थी. आपल्या बहुतेक शाळा सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली, अशा दुहेरी नोंदल्या आहेत. म्हणजे मशिदीच्या जागेबद्दल साधा नमाजी बोलू शकतो, पण शाळेच्या जागेबद्दल पालकाला आधी 'सभासद आहात का' हे ऐकावे लागते. ही व्याख्या बंदिस्त नाही, न्यायालयात तिचा अर्थ व्यापक करून मागता येतो, हे खरे. पण सभेत न्यायालय नसते, सेक्रेटरी असतो.

याची किंमत आपल्या समाजाने एकदा मोठ्या प्रमाणात मोजली आहे. मुंबईतील गिरणीमालक करीमभाई इब्राहिम यांच्या नावाचे खोजा यतीमखाना १८९५ मध्ये स्थापन झाले. आल्टामाउंट रोडवर त्याची ४,५३२ चौरस मीटर जागा होती, खोजा समाजातील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली. २००२ च्या जुलैत विश्वस्तांनी ती अँटिलिया कमर्शियल या कंपनीला २१ कोटी ५ लाख रुपयांना विकली. तेव्हाचा बाजारभाव किमान दीडशे कोटी होता, असा आक्षेप घेतला गेला. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ त्याच वर्षी, जानेवारीत, औरंगाबादला स्थापन झालेले. वय सहा महिने. वक्फमंत्री नवाब मलिक यांनी आणि महसूल खात्याने विरोध केला, व्यवहाराला स्थगिती मिळाली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून त्याला उच्च न्यायालयाची वाट दाखवली गेली. मग १६ लाख रुपये मिळाल्यावर मंडळाने हरकत मागे घेऊन ना-हरकत दिली, असे समोर आले. त्या जागेवर २७ मजली घर उभे राहिले. ते सगळ्यांना माहीत आहे. यतीमखाना किती जणांना माहीत आहे?

या प्रकरणावर आपल्याकडे भरपूर बोलले गेले, पण कशावर? ही मिळकत वक्फ की सार्वजनिक न्यास, परवानगी मंडळाची हवी की धर्मादाय आयुक्तांची, यावर. हा वाद निरर्थक नव्हता. वक्फ कायद्याप्रमाणे मंडळाच्या मंजुरीशिवाय विक्री अवैध होती, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर वक्फ मिळकतीची विक्रीच बंद झाली. म्हणून मिळकत कोणत्या खात्यात पडते यावर सगळे अवलंबून. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिमांनी काढलेला प्रत्येक धर्मादाय न्यास आपोआप वक्फ होत नाही असे स्पष्ट केले, आणि २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने तर अशा न्यासांना कायद्याच्या शब्दांतच वक्फपासून वेगळे काढले. तेव्हा आपल्या शाळा, वसतिगृहे, यतीमखाने यांच्या जमिनींचा रखवालदार यापुढे बहुतांशी धर्मादाय आयुक्त हाच राहणार. वक्फच्या दुरुस्तीविरुद्ध मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. पण कलम ३६ वर एक तरी सभा आपल्या मोहल्ल्यात झाली का?

आल्टामाउंट रोडच्या प्रकरणात मला सलते ते वेगळेच. दोन सरकारी कार्यालये, एक मंत्री, विश्वस्त, कंपनी, सगळ्यांची बाजू वर्तमानपत्रांत आली. ज्यांच्यासाठी जमीन होती त्या मुलांची म्हणून वेगळी बाजू माझ्या वाचनात आली नाही. यतीम मुलाला सभासदत्व कोण देणार? हजरत उमर यांच्या खैबरच्या जमिनीची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो: मूळ जमीन रोखून ठेवा, उत्पन्न वाटा, ती विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारसात जाणार नाही. त्याच रिवायतीत देखभाल करणाऱ्याने रीतसर खावे, पण साठवू नये, असेही आहे. मुतवल्ली कोण आणि कोण नाही, हे त्याहून स्पष्ट कोणत्या कायद्याने सांगितले?

आता पुण्याकडे वळतो, कारण तिथे अलीकडे उलटे घडले. मॉडेल कॉलनीत सेठ हिराचंद नेमचंद दिगंबर जैन बोर्डिंग आहे. १९५८ पासूनचे विद्यार्थी वसतिगृह, जागा तीन एकरांहून जास्त, आवारात महावीरांचे मंदिर. विश्वस्तांनी ही मालमत्ता ३११ कोटी रुपयांना एका विकासकाला देण्याचे ठरवले. इमारत जुनी झाली हे कारण. एप्रिल २०२५ मध्ये धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळाली, ऑक्टोबरात विक्रीखतही झाले. म्हणजे कागदावर सगळे पूर्ण. तेव्हा जैन समाज, वसतिगृहात राहणारे आणि पूर्वी राहून गेलेले विद्यार्थी, मुनिमहाराज, सगळे उभे राहिले. मंदिराचा उल्लेख परवानगी घेताना दडवला गेला हा मुख्य आक्षेप. राजकारण्यांनीही त्यात उड्या घेतल्या, एकमेकांवर आरोप झाले, तो भाग सोडून देऊ. महिनाअखेरीस विकासकाने माघार घेतली आणि धर्मादाय आयुक्तांनी दिलेली परवानगी रद्द केली.

विक्रीखत झाल्यावर जमीन परत येते, हे पुण्याने दाखवले. ३११ कोटी हा आकडा काही २१ कोटींसारखा डोळ्यात खुपणारा नव्हता, म्हणजे भाव कमी हा तिथे मूळ मुद्दाच नव्हता. मुद्दा होता, जागा कशासाठी दिली होती. आणि तरी एक शंका माझ्या मनात राहतेच. आवारात मंदिर नसते, नुसती मुले आणि खाटा असत्या, तर? मंदिरामुळे दर्शनाला जाणारा प्रत्येक माणूस हितसंबंधित ठरला, साधू बोलू लागले, समाज देशभर जागा झाला. वसतिगृहाच्या खोलीला तेवढे वजन कायद्यात आहे का? माझ्या मते नाही, आणि कमतरता नेमकी तिथे आहे.

कोणी म्हणेल, विश्वस्तांनाही अडचणी असतात. असतात. कौले गळतात, वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, पटसंख्या घटते, इमारतीच्या दुरुस्तीला वर्गणी मागायला गेले की दारे बंद होतात. जे पालक विरोधाला उभे राहतात, त्यांच्यातले किती जण वर्गणीच्या वेळी दिसले, हा सेक्रेटरीसाहेबांचा टोमणा मला लागला. आणि प्रत्येक विकसन वाईटच असते असेही नाही. पण वसई-विरारमध्ये सार्वजनिक कामाची जमीन एकदा हातची गेली की काय होते ते आपण पाहिले आहे. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडायचा हुकूम दिला, आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडून झाल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजून घरे घेतली होती. पहिली वीट बसली तेव्हा कोणी हरकत घेऊन ती टिकवली असती, तर या कुटुंबांना नंतर बुलडोझरपुढे उभे राहावे लागले नसते.

त्या सभेचे पुढे काय झाले? ठराव झाला नाही. एका बुजुर्गांनी उभे राहून फक्त एवढे सांगितले की आधी संस्थेचा पी.टी.आर. उतारा आणि जमीन दिली तेव्हाचा दस्त सगळ्यांसमोर वाचा, मग हात वर करू. कार्यालयाच्या कपाटात दस्त सापडला नाही. सातबारा सापडला, त्यावर संस्थेचे नाव आहे, पण जमीन कोणी दिली आणि कशासाठी, ते त्यावरून कळत नाही. मैदानाचे काय, असे विचारणाऱ्या त्या पालकाने सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात नकलेसाठी अर्ज केला आहे. अर्जावर पाच पालकांच्या सह्या आहेत. सहावी माझी. दोन खेपा झाल्या, उतारा अजून मिळालेला नाही.