संधिवातावरील चिनी वनौषधी
वारा, थंडी व ओलावा शरीरात शिरल्याने सांधे दुखतात, असे प्राचीन चिनी वैद्यक मानते. जांग जुंगजिंग (सु. १५०–२१९) याच्या ग्रंथात यावर वचनागाच्या जातीतील विषारी मुळांचा काढा असून विष सौम्य करण्यासाठी मुळे मधात शिजवीत. परिचित विषावर असा उपाय झाला. परंतु नामसाम्यामुळे दुसरे विष दुर्लक्षित राहिले. ‘फांगजी’ या नावाने संधिशूलावर स्टेफानिया टेट्रांड्रा व ॲरिस्टोलोकिया फांगची या दोन भिन्न वनस्पतींची मुळे विकली जात. दुसरीतील ॲरिस्टोलोकिक अम्ल मूत्रपिंडांस घातक व कर्कजनक आहे. बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या गोळ्यांत पहिलीऐवजी दुसरी पडल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनने २००४ मध्ये तिचा औषधी वापर बंद केला.