दुरुस्ती निघाली, लागली नाही

२५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे साधारण अकरा वाजले होते, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. त्या सुमारास इंटरनेटवर एक इवलासा प्रोग्रॅम सुटला. त्याचा आकार होता अवघा ३७६ बाइट. तरीही सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची लागण दुप्पट होत होती आणि जी यंत्रं त्याला बळी पडू शकत होती, त्यांतली सुमारे ९० टक्के त्याने दहा मिनिटांत गाठली. किमान ७५ हजार यंत्रं बाधित झाली. पुढे त्याचं नाव पडलं ‘एसक्यूएल स्लॅमर’.

स्लॅमरने काही चोरलं नाही, डिस्कवर काही लिहिलं नाही, कुणाची फाइल पुसली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमधल्या एका भोकातून तो आत शिरायचा आणि तिथून जगभर स्वतःच्या प्रती फेकत सुटायचा. तेवढ्यानेच वाहिन्या तुंबल्या. बँक ऑफ अमेरिकाच्या सुमारे १३ हजार एटीएममधून पैसे निघेनात. काँटिनेंटल एअरलाइन्सला विमानं रद्द करावी लागली. सिअ‍ॅटलजवळच्या आणीबाणी केंद्रात मदतीसाठी आलेले फोन कागदावर उतरवून घ्यायची वेळ आली. दक्षिण कोरियात इंटरनेट तासन्‌तास ठप्प झालं. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात, अणुभट्टीच्या सुरक्षेची मापं दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद राहिली. अणुभट्टी आधीपासूनच दुरुस्तीसाठी बंद होती, हे नशीब.

आणि या भोकावरचा पॅच? तो २४ जुलै २००२ रोजीच निघाला होता, म्हणजे सहा महिने आधी, आणि फुकट. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या काही यंत्रांवरही तो लागलेला नव्हता. कित्येकांना तर आपल्याकडे हा डेटाबेस आहे याचाच पत्ता नव्हता, कारण तो दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आला होता. संगणक-सुरक्षेच्या इतिहासातल्या मोठ्या दुर्घटना तपासल्या, तर हल्लेखोराच्या असामान्य बुद्धीपेक्षा हीच गोष्ट जास्त वेळा सापडते. दुरुस्ती तयार होती, आणि ती निघाल्यापासून लागेपर्यंतच्या काळात घात झाला.

माहितीच्या सुरक्षेला धोके किती प्रकारचे, याची मांडणी १९७५ सालीच झाली होती. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी त्या वर्षीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तीन प्रकार सांगितले: परवानगी नसलेल्याच्या हाती माहिती जाणं, परवानगी नसलेल्याने ती बदलणं, आणि ज्याचा हक्क आहे त्यालाच ती वापरू न देणं. गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता ही आज प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जाणारी तीन तत्त्वं हेच सांगतात. पॅच न लावलेला सर्व्हर तिन्हींना एकदम उघडं पाडतो, कारण भोकातून आत आलेल्याने पुढे वाचायचं, बदलायचं की बंद पाडायचं, हे तोच ठरवतो.

दुरुस्ती पोचवणं हाही एके काळी साधा मामला होता. १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन या यंत्राचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. चूक सापडली की नको असलेल्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. यंत्र एक, पट्टी समोर, माणूस शेजारी. १९८८ पर्यंत हे चित्र पार बदललं होतं. त्या वर्षी २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, त्या काळच्या अंदाजानुसार इंटरनेटवरच्या साठ हजारांपैकी सहा हजार यंत्रं गाठली. बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी रातोरात उपाय तयार केला. पण घाबरलेल्या संस्थांनी आपली यंत्रं जाळ्यातून तोडली होती, आणि उपाय यायचा तो त्याच जाळ्यातून, ईमेलने. अशा वेळी कुणाला फोन करायचा हे तरी ठरलेलं असावं, म्हणून त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं ‘सर्ट’ केंद्र उभं राहिलं.

भोकाची बातमी आणि उपाय जाहीर करण्याची शिस्त हळूहळू रुळली आणि तिच्यासोबत एक पेच आला. पॅच निघाला की जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं हे कुणालाही पाहता येतं, आणि बदललं तिथेच भोक होतं. म्हणजे दुरुस्ती हीच हल्लेखोराला मिळालेली खूण. ज्याने पॅच लावला तो सुटला. ज्याने लावला नाही, तो आधीपेक्षाही जास्त धोक्यात.

२००१ च्या ‘कोड रेड’ने हे दाखवून दिलं. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवरचा पॅच १८ जूनला निघाला होता. १९ जुलैला चौदा तासांच्या आत ३ लाख ५९ हजार यंत्रं बाधित झाली. वेबसाइट उघडावी तर तिच्या जागी ‘चिन्यांनी हॅक केलं’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. मजकूर आपला, पत्ता आपला, आणि पानावर बोलणारा भलताच. अखंडता म्हणतात ती अशी जाते. त्यानंतर या यंत्रांनी व्हाइट हाउसच्या वेबसाइटवर मारा करायचा, असं वर्ममध्येच लिहिलेलं होतं. साइटचा अंकी पत्ता बदलून तो मारा चुकवला गेला.

मग लोक पॅच लावत का नाहीत? आळस हे उत्तर फार सोपं आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे. त्यांची भीती अनुभवातून आलेली असते. १९९९ मध्ये विंडोज एनटीचा सहावा सर्व्हिस पॅक लावला आणि लोटस नोट्ससारखे रोजच्या कामाचे प्रोग्रॅम अडले. मायक्रोसॉफ्टला घाईने सुधारित आवृत्ती काढावी लागली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चालतं यंत्र आपल्या हाताने बंद पडलं तर जाब लगेच विचारला जातो. न लावलेल्या पॅचचा जाब विचारायला कुणी येईपर्यंत महिने जातात. २००२ मध्ये एका संशोधनाने हिशेब मांडला, की पॅच निघाल्यावर दहा आणि तीस दिवस हे लावायला सर्वांत फायद्याचे मुहूर्त. तोवर पॅचमधल्याच चुका बाहेर आलेल्या असतात. स्लॅमरपूर्वीच्या संथ जगात तो हिशेब पटण्याजोगा होता.

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने पॅच काढायला दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. पॅच निघतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. पुण्या-मुंबईत बसून परदेशी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या हजारो जणांच्या कामाचं वेळापत्रक या मंगळवाराभोवती फिरू लागलं. आधी चाचणीच्या यंत्रावर, मग थोड्या सर्व्हरवर, मग शनिवारी रात्री सगळीकडे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. ते नीट झालं तर काहीच घडत नाही.

नीट न झाल्यावर काय घडतं, हे सर्वांत तपशीलवार नोंदलं गेलं ते इक्विफॅक्सच्या बाबतीत. अमेरिकन नागरिकांची पत ठरवणारी ही अटलांटाची कंपनी. ७ मार्च २०१७ ला अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधलं गंभीर भोक आणि त्यावरचा उपाय जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी सरकारी सूचना आली. ९ मार्चला कंपनीत ईमेल फिरला: ४८ तासांत पॅच लावा. पण ईमेलची यादी जुनी होती आणि ज्यांच्यापर्यंत सूचना जायला हवी होती ते त्या यादीत नव्हते. १० मार्चला बाहेरच्या कुणी तरी भोक चाचपून पाहिलं. १५ मार्चला कंपनीने स्वतः शोध घेतला, पण तो वरच्या फोल्डरपुरताच राहिला आणि काही हाती लागलं नाही. तक्रारी नोंदवण्याची जी वेबसाइट उघडी राहिली, तिच्यामागची यंत्रणा मुळात १९७० च्या दशकातली होती.

१३ मेपासून हल्लेखोर आत होते, ७६ दिवस. त्यांना साध्या मजकुरात ठेवलेले पासवर्ड सापडले आणि त्यांच्या जोरावर त्यांनी ४८ डेटाबेसना सुमारे नऊ हजार वेळा प्रश्न विचारले. जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारं एक उपकरण होतं, पण त्याचं प्रमाणपत्र संपून १९ महिने झाले होते, त्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं. २९ जुलैला प्रमाणपत्र नवं केलं आणि त्याच दिवशी चोरी उघडकीला आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक गेले होते. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार? यातल्या बहुतेकांनी इक्विफॅक्सला आपली माहिती कधी स्वतःहून दिलीही नव्हती. पद सोडलेले प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवलं. २०१८ च्या डिसेंबरमधल्या चौकशी अहवालाने मात्र सारी चोरी टाळता येण्याजोगी होती असं म्हटलं आणि कंपनीची व्यवस्थाच दोषी धरली. ते योग्यच होतं. कोणता सर्व्हर कुठे आहे, त्यात काय बसवलंय आणि तो कुणाच्या ताब्यात आहे, हे जिथे लिहून ठेवलेलं नाही, तिथे ४८ तासांची मुदत कुणी पाळायची?

त्याच वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या वर्मने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला वेठीस धरलं. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या भोकावरचा पॅच १४ मार्चला आला होता, सूचनाही गेल्या होत्या. तरी इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्था अडचणीत आल्या आणि अंदाजे १९ हजारांवर भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. इथे उपलब्धता हा पाठ्यपुस्तकातला शब्द राहिला नाही. ती रुग्णाची तारीख होती.

दीड महिन्यानंतर, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला आणि या वेळी झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. युक्रेनमधले असंख्य व्यवसाय कर भरण्यासाठी एम.ई.डॉक हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. पुढे पोलिसांनी ताब्यात घेतलेले त्या कंपनीचे सर्व्हर तपासले, तेव्हा त्यांच्यावर २०१३ पासून अपडेट लावलेच नव्हते असं आढळलं. ज्या यंत्रातून इतरांना दुरुस्ती जायची, तेच यंत्र दुरुस्तीविना होतं. परिणामी शहाण्यासारखं अपडेट घेणारेच आधी बुडाले. आत शिरल्यावर नॉटपेट्या मार्चमध्ये बुजवता आलं असतं त्याच भोकातून आणि चोरलेल्या पासवर्डच्या आधारे पसरत गेला.

डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिला चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. कंपनीच्या सगळ्या संगणकांची ओळख ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत उरली होती, घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून ती वाचली. मर्स्क समूहाकडे न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदराचं एक टर्मिनल होतं. तिथलं काम थांबलं. कोणता कंटेनर कुणाचा आणि कुठे रचलाय, ही माहिती संगणकात, आणि संगणक बंद. बंदराबाहेर मालाच्या गाड्या साठू लागल्या तशी त्या उभ्या करायला जागा शोधण्याची वेळ प्रशासनावर आली. हल्ल्याचं लक्ष्य होतं कीव्ह आणि खोळंबले उरणच्या रस्त्यावरचे ट्रकवाले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, ज्यांचा हल्ल्यांसाठी प्रत्यक्ष वापर झालाय अशा भोकांची जाहीर यादी सुरू केली आणि केंद्रीय कार्यालयांना प्रत्येकासाठी तारीख बांधून दिली. यादीत ताज्या नोंदी असतात, तशा जुन्याही. इक्विफॅक्सचं स्ट्रट्स त्यात आहे, वॉनाक्राय आणि नॉटपेट्याने वापरलेलं भोकही आहे. विंडोजमधलं २००२ सालच्या क्रमांकाचं एक भोकसुद्धा २०२२ मध्ये त्यात दाखल झालं.