पायलटांच्या जुन्या होड्या आणि त्यांचे नवे धनी

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये हौसेसाठी शिडाची नौका बाळगणे ही मुख्यतः जमीनदारांची आणि कारखानदारांची चैन होती. नौका मोठ्या असत, त्यांवर पगारी खलाशी असत आणि मालकाचा हात सुकाणूला क्वचितच लागे. त्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र शिक्षक, कारकून, डॉक्टर, निवृत्त लष्करी अधिकारी अशा बेताच्या ऐपतीच्या माणसांनाही समुद्राची ओढ लागली. नवी नौका बांधून घेणे त्यांच्या आवाक्यातले नसल्याने कोणाची तरी वापरलेली, बहुधा पोटापाण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेली होडी घ्यावी की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तो वरवर किमतीचा दिसत असला, तरी इतिहासात त्याचे उत्तर किमतीवरून क्वचितच मिळाले आहे. कारण होडी स्वस्त झाली होती ती बहुतेक वेळा तिच्यातील दोषामुळे नव्हे, तर ज्या धंद्यासाठी ती बांधली तो धंदा बसल्यामुळे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंड आणि वेल्स यांच्या मधोमध घुसलेल्या ब्रिस्टल खाडीचे आहे. या खाडीच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीतील फरक सुमारे चौदा मीटरपर्यंत जातो आणि जगात फार थोड्या ठिकाणी तो याहून अधिक आहे. अशा प्रवाहात वाळूचे दांडे चुकवून परके जहाज धक्क्याला लावणे हे स्थानिक जाणकाराचेच काम; या परवानाधारक जाणकाराला पायलट म्हणतात. कार्डिफ, बॅरी, न्यूपोर्ट आणि ब्रिस्टल येथील पायलट दीर्घकाळ स्वतंत्र धंदेवाईक होते. प्रत्येकाची स्वतःची होडी असे आणि जो येणाऱ्या जहाजाला आधी गाठेल त्याला ते काम मिळे, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या शोधात ते खाडीबाहेर अटलांटिकच्या तोंडापर्यंत, भर हिवाळ्यातही, जात. जहाज भेटले की पायलट लहान डिंगीतून त्यावर चढे आणि मागे उरलेले दोघे, बहुधा एक जाणता खलाशी आणि एक पोरगा, होडी घरी आणत.

होडीचा सगळा घाट या गरजेतून ठरला. ती साधारण चाळीस ते पन्नास फूट लांबीची, खोल बुडाची, एका डोलकाठीची आणि डोलकाठीपुढे दोन शिडे असलेली असे. या धाटणीला कटर म्हणतात. वेग हवा, कारण स्पर्धा होती. दोन माणसांना झेपेल अशी शिडांची रचना हवी, कारण परतताना तेवढीच माणसे उरत. आणि वादळात शिडे आवरून एका जागी शांतपणे तग धरून राहण्याचा गुण हवा, कारण जहाजाची वाट पाहणे हाच अर्धा धंदा होता. तुटपुंज्या माणसांनिशी लांबवर जाऊ पाहणाऱ्या हौशी दर्यावर्दीला नेमके हेच तीन गुण हवे असतात, हा योगायोग या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पायलटांनी आपापसांतील स्पर्धा मोडून एकत्र धंदा सुरू केला आणि अनेक कटरांचे काम एकेक वाफेची बोट करू लागली. त्यामुळे उत्तम बांधणीच्या होड्या एकाएकी बिनकामाच्या ठरून विक्रीला निघाल्या.

घेणाऱ्याने तपासायचे काय, याचे शास्त्र अशा व्यवहारांतूनच घट्ट झाले. लाकडी होडीचा खरा शत्रू समुद्राचे खारे पाणी नसून पावसाचे गोडे पाणी आहे, ही गोष्ट नवख्याला पटत नसे. मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आवरते, तर डेकच्या फटींतून झिरपलेले गोडे पाणी तुळयांच्या टोकांशी आणि नाळेच्या सांध्यांत साचून आतून भुगा करते. त्यामुळे जाणकार परीक्षक आधी बाहेरून लखलखणाऱ्या रंगाकडे संशयाने पाही, मग हातोडीने फळी फळी ठोकत जाई. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजक्याचा बद्द. शंका आली तिथे तो अणकुचीदार टोच्या रुतवून पाही आणि तो किती सहज आत जातो यावर सौदा ठरे. दुसरा रोग खिळ्यांचा होता. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडाला खाते, म्हणून वरून धडधाकट दिसणाऱ्या फळ्या आतल्या वाकांना, म्हणजे होडीच्या बरगड्यांना, गंजलेल्या खिळ्यांच्या उरल्यासुरल्या दांड्यांनी कशाबशा लटकलेल्या असत. (सागवानाला हा दोष नाही, उलट त्यातील तेल लोखंड राखते, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे, यात सागाचा वाटा मोठा आहे.) पायलट कटरांत आणखी एक अडचण असे: बुडाला जडपणा आणण्यासाठी भरलेले नीरम पुष्कळदा सिमेंटमध्ये पक्के बसवलेले असे आणि त्याखालचे लाकूड कोणालाच दिसत नसे. तिथे परीक्षकाचे ज्ञान संपे आणि घेणाऱ्याची छाती किती मोठी एवढाच प्रश्न उरे.

छातीच्या बाबतीत दाखला नेहमी जोशुआ स्लोकमचा दिला जातो. १८९२ साली अमेरिकेतील फेअरहेवन येथे एका परिचित कप्तानाने त्याला ‘स्प्रे’ नावाची कुरणात पडलेली जुनी होडी देऊ केली. स्लोकमने तेरा महिने राबून आणि सुमारे ५५३ डॉलर खर्चून ती जवळजवळ संपूर्ण नव्याने बांधली आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिलाच माणूस. मात्र या दाखल्यावर विसंबून ज्यांनी मोडक्या होड्या घेतल्या, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नसावी: स्लोकम जन्मभर जहाजांवर वाढलेला कप्तान होता आणि लाकूडकाम त्याच्या हातचे होते. ज्याला मजुरी देऊन सुतार लावायचा आहे, त्याच्यासाठी फुकटची होडी सर्वांत महाग पडते.

ई. जी. मार्टिन या इंग्रज हौशी दर्यावर्दीने १९२३ साली घेतलेली ‘जोली ब्रीझ’ हा शहाणपणाच्या खरेदीचा नमुना म्हणता येईल. ल हाव्र बंदरातील पायलटांसाठी १९१३ साली बांधलेली ही फ्रेंच कटर तेव्हा दहा वर्षांची होती. १९२५ साली आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याची पहिली शर्यत झाली, तीत सात नौका उतरल्या आणि ही माल वाहणाऱ्या घोड्यासारखी मजबूत होडी पहिली आली. या यशाने जुन्या कामकरी होड्यांची प्रतिष्ठा वाढली आणि साहजिकच किंमतही.

हॅरल्ड विल्यम टिलमन यांचा मार्ग अधिक धोक्याचा होता. १९३६ साली नंदादेवीचे शिखर गाठणारे आणि १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व करणारे हे गिर्यारोहक पन्नाशी उलटल्यावर समुद्राकडे वळले, कारण दुर्गम पर्वतांच्या पायथ्याशी नेणारे वाहन त्यांना हवे होते. १९५४ साली त्यांनी घेतलेली ‘मिस्चिफ’ ही कार्डिफची पायलट कटर १९०६ सालची, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिच्यातून ते पॅटागोनियापासून ग्रीनलंडपर्यंत फिरले आणि १९६८ साली यान मायेन बेटाजवळ ती गमावली. त्यानंतर त्यांनी आणखी जुनी, १८९९ सालची ‘सी ब्रीझ’ घेतली. तीही १९७२ साली ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर गेली. तरीही त्यांनी तिसरी पायलट कटरच घेतली. ही निवड हिशेबाची म्हणता येत नाही, पण ती अविचाराचीही नव्हती: बर्फाळ पाण्यात दोन-चार माणसांनिशी जाऊ शकणारी दुसरी होडी त्यांच्या पैशांत मिळतच नव्हती.

हा सगळा हिशेब फायबरग्लासने, म्हणजे काचेच्या तंतूंत राळ मुरवून केलेल्या साच्यातील सांगाड्याने, उलटा केला. १९५९ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या अठ्ठावीस फुटी ‘ट्रायटन’ नौका सातशेहून अधिक निघाल्या आणि त्यांतल्या कित्येक अजून चालतात. नव्या पदार्थाची ताकद नेमकी ठाऊक नसल्याने सुरुवातीच्या कारागिरांनी सांगाडे गरजेपेक्षा जाड केले होते. आता तपासणाऱ्याची नजर बदलली: सांगाड्यावर पाणी मुरून आलेले फोड, डेकच्या आतील हलक्या लाकडाचे कुजणे, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांची झीज. यांपैकी कोणत्याही गोष्टीने होडी लाकडी होडीसारखी मरत नाही, ती फक्त खर्च मागत राहते. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात मुंबईहून निघून मुंबईला परत येत ज्या ‘तृष्णा’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही इंग्लंडमध्ये घेतलेली अशीच वापरलेली ३७ फुटी फायबरग्लास नौका होती.

परिणामी आज युरोप-अमेरिकेच्या बंदरांत नाममात्र किमतीला किंवा फुकट देऊ केलेल्या होड्या पडून आहेत आणि घेणाऱ्याचे पैसे जातात ते धक्क्याच्या भाड्यात, शिडांत आणि इंजिनात. उलट ब्रिस्टल खाडीच्या ज्या मोजक्या कटर वाचल्या, त्या वारसा म्हणून जपल्या जातात आणि त्याच आराखड्याने नव्या लाकडी कटर बांधवून घेणारे लोकही इंग्लंडमध्ये आहेत. फायबरग्लास कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही, म्हणून २०१९ पासून फ्रान्समध्ये नव्या नौकांच्या उत्पादकांकडून वर्गणी घेऊन जुन्या नौका मोडीत काढण्याची व्यवस्था सुरू आहे.