रमजानची कोडी आणि रेडिओवरची बाई



आज आधी एक कोडं घालते. एक पाहुणा दरवर्षी येतो, महिनाभर राहतो. पण गेल्या वर्षी ज्या तारखेला आला, त्याच्या दहा-अकरा दिवस आधीच यंदा दारात उभा! आजीने त्याला थंडीत पाहिलं, भर पावसात पाहिलं आणि वैशाखाच्या उन्हातही पाहिलं. ओळखा पाहू कोण?

बरोबर, रमजानचा महिना. तो असा का फिरतो, ते आपल्याला पंचांगावरून चटकन समजेल. चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष साधारण 354 दिवसांचं भरतं आणि सूर्याचं 365 दिवसांचं. म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांचा फरक. आपले मराठी महिनेही चंद्राचेच, पण आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून तो फरक भरून काढतो. म्हणून दिवाळी सुगीच्या आसपासच राहते. इस्लामी वर्षात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरत फिरत साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. एकाच चंद्राचे दोन हिशेब!

आता असं कोडं रोज एक, सबंध रमजानभर रेडिओवरून घातलं जायचं, असं सांगितलं तर? ही गोष्ट इजिप्त देशातली आहे. कैरोच्या रेडिओची सुरुवात 1934 साली झाली. पुढच्या वीस वर्षांत रेडिओ बऱ्याच घरांत आणि चहा-कॉफीच्या दुकानांत पोहोचला. ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्याकडे शेजारपाजार जमायचा. दिवसभराचा रोजा सूर्य मावळल्यावर सुटतो. पाणी, खजूर, मग जेवण. त्यानंतर सगळं घर एकत्र बसलेलं असतं. नेमकी हीच वेळ 1950 च्या दशकात कैरोच्या रेडिओवरच्या एका बाईने हेरली. त्यांचं नाव आमाल फहमी.

कोड्याला तिकडे ‘फज्जूरा’ म्हणतात आणि अनेक कोड्यांना ‘फवाझीर’. आमालबाईंनी रमजानच्या प्रत्येक रात्री एक फज्जूरा घालायला सुरुवात केली. महिन्याच्या तीस रात्री, तीस कोडी. लोक उत्तरं टपालाने पाठवायचे आणि जिंकणाऱ्यांना बक्षीस मिळायचं. कोडी लिहायला त्यांनी साधासुधा माणूस घेतला नव्हता. आधी होते बैरम अल-तुन्सी. सत्तेवर टीका करणाऱ्या कवितांमुळे या कवीला अनेक वर्षं देशाबाहेर राहावं लागलं होतं. 1961 मध्ये ते गेले, तेव्हा हे काम सलाह जाहीन यांनी हाती घेतलं. ते कवीही होते आणि व्यंगचित्रकारही.

या दोघांची खरी ताकद त्यांच्या भाषेत होती. ते पुस्तकी अरबीत लिहीत नसत. बाजारात, स्वयंपाकघरात, नाक्यावर बोलतात त्या कैरोच्या बोलीत लिहीत. त्या काळी इजिप्तमधल्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोडं कानाने ऐकायचं असतं आणि डोक्याने सोडवायचं असतं. तिथे अक्षर येत नाही म्हणून कुणी मागे राहत नाही. पत्रावर उत्तर लिहायला शाळेत जाणारं पोर लागेल, पण उत्तर सुचायला आजी पुरते.

आपल्याला हे नवं नाही. उखाणा म्हटलं की आज आपल्याला नवऱ्याचं नाव घेणं आठवतं, पण उखाणा या शब्दाचा जुना अर्थ कोडं असाच आहे. जात्यावर बसणाऱ्या, निंदणीला जाणाऱ्या बायका एकमेकींना कोडी घालत आल्या आहेत. त्याला कुणी ‘ज्ञान’ म्हटलं नाही, एवढंच.

आमालबाईंचा दुसरा कार्यक्रम होता ‘अलन-नासिया’, म्हणजे ‘नाक्यावर’. माईक घेऊन त्या रस्त्यावर जायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या साध्या माणसांशी गप्पा मारायच्या. काय काम करता, घरी कोण कोण, काय अडचण आहे? आणि शेवटी, कोणतं गाणं ऐकायला आवडेल? हा कार्यक्रम कित्येक दशकं चालला. आमालबाई पुढे ‘मध्यपूर्व’ या रेडिओ केंद्राच्या प्रमुखही झाल्या. 2018 मध्ये त्यांचं निधन झालं. एका हाताने कोडं घालायचं आणि दुसऱ्या हाताने माणसाची चौकशी करायची, ही त्यांची रीत.

1960 मध्ये इजिप्तमध्ये टीव्ही आला आणि फवाझीर पडद्यावर गेले. 1960 च्या दशकात तीन विनोदी नटांच्या एका मंडळीने ते केले. 1975 पासून नेली नावाच्या कलावतीने आणि 1980 च्या दशकात शेरिहानने ते गाजवले. नाच, गाणी, रोज नवे झगमगीत कपडे. सगळा अरब मुलूख बघायचा. मला विचाराल तर यात एक मिळालं आणि एक गेलं. डोळ्यांना मेजवानी मिळाली, पण कोडं बाजूला पडलं. रेडिओसमोर बसलेल्या बाईला कुणीतरी प्रश्न विचारत होतं, तिच्या उत्तराची वाट पाहत होतं. टीव्हीसमोर ती नुसती बघणारी झाली.

मैत्रिणींनो, मला ही गोष्ट सांगावीशी वाटली, कारण आपल्याला प्रश्न फार कमी विचारले जातात. सह्या मागतात, आधार कार्ड मागतात, हप्ता मागतात. “तुला काय वाटतं, तुला काय माहीत आहे?” हे कोण विचारतं? आपल्या देशात 2006 च्या धोरणानंतर गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांना स्वतःचा रेडिओ चालवता येऊ लागला, म्हणून आज माझा आवाज तुमच्यापर्यंत येतोय. तो एका बाजूनेच येत राहिला तर काय उपयोग?

आणि आपण तरी एकमेकींना कुठे विचारतो? आमच्या गटात रोजा धरणाऱ्या भाभी आहेत. रमजानमध्ये बैठक असली की त्यांच्यापुढेही चहा फिरायचा, त्या हसून कप पुढे सरकवायच्या. एका वर्षी आम्ही बैठकीत प्रश्नांचा खेळ घेतला आणि उत्तरं भाभींनी द्यायची असं ठरलं. पहाटे किती वाजता उठता? आजारी बाईने, प्रवासातल्या बाईने रोजा धरायचा का? त्यांनी सांगितलं की त्यांना सूट असते, पाळीच्या दिवसांत रोजा धरत नाहीत, आणि राहिलेले दिवस नंतर भरून काढतात. अशी चौकशी आम्ही दहा वर्षं शेजारी राहून केली नव्हती. तेव्हापासून रमजानच्या महिन्यात आमची बैठक सकाळी लवकर होते आणि चहा सगळ्यांनाच नसतो.

तर या आठवड्यात एवढं करा. गटाच्या बैठकीत हिशेब झाला की प्रत्येकीने एक कोडं घाला, आपल्या सणाचं, आपल्या शेताचं, आपल्या माहेरचं. बक्षीस काही नको. फक्त उत्तर येईपर्यंत थांबा, मध्येच सांगून टाकू नका. वाट पाहणं हाच त्यातला मान आहे. जमलेली कोडी आमच्याकडे पाठवा, तुमच्या गावाचं नाव घेऊन वाचून दाखवू.

येते मैत्रिणींनो. सांभाळून राहा.